कन्हानच्या जयाचा हात

हे मी कोणाकडून ऐकलेलं लिहीत नाही. माझ्याच घरात घडलं, तेही भर दुपारी. ह्याच वर्षीचा, १९८८ चा मे महिना. नागपूर, प्रताप नगर. कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मी मात्र तेव्हापासून दुपारी डोळा मिटत नाही.

ह्यांना हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा नाद. सरकारी परवाना, गच्चीवर तार, टेबलावर पितळेची मोर्सची की. लग्न झालं तेव्हा वाटलं, बरंय, पत्ते-दारू तरी नाही.

पण कानाला हेडफोन लावून नवरा रोज कोणाशी तरी टिकटिक बोलतो...

कोणाशी?

मी बी.एस्सी. झालेली. पोळ्या लाटता लाटता कान देऊन मोर्स शिकले. ह्यांना पत्ता लागू दिला नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात ह्यांनी घरीच एक बोर्ड बनवलं. मुंबईहून मागवलेली मायक्रोकंट्रोलरची चिप, एक बझर, बाकीचं सोल्डरिंग स्वतःच्या हाताने. बटण दाबलं की बोर्डाने आपणहून मोर्समध्ये हाक द्यायची, 'कोणी ऐकतंय का?' आणि शेवटी ह्यांचं कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं सांकेतिक नाव. चिपमध्ये भरलं होतं ते एवढंच.

बोर्डाने हाक दिली. कॉलसाइन दिलं.

आणि थांबलंच नाही...

लांब, लांब, लांब, टिक, टिक. पुन्हा तेच.

अठ्ठ्याऐंशी.

हॅमवाले निरोप घेताना एकमेकांना त्र्याहत्तर पाठवतात. म्हणजे नमस्कार. अठ्ठ्याऐंशी पाठवतात ते बाई आणि पुरुष बोलत असले तरच. त्याचा अर्थ प्रेम आणि चुंबन.

"हे तुम्ही भरलंत का हो चिपमध्ये?" मी विचारलं.

हे दचकले. "तुला मोर्स येतं?"

"मी काय विचारलं?"

"नाही गं. क्रिस्टल खराब असेल. वेळ चुकतेय त्याची."

क्रिस्टल बदललं. कपॅसिटर बदलले. सगळे जोड पुन्हा तापवून पाहिले. अठ्ठ्याऐंशी काही जाईना.

आणि दुसरंच काहीतरी माझ्या लक्षात आलं...

यंत्राचे ठोके कसे, सगळे सारखे हवेत. ह्या बोर्डाचे नव्हते. प्रत्येक वेळी तिसरा ठोका जरासा लांबायचा. कोणी श्वास घेऊन बोट उचलावं तसा.

शेजारची प्रेमिला एकदा गच्चीवर कुरड्या घालता घालता हसली. "काय वं अरुंधती, तुहा नवरा डब्ब्यासंगं संसार करून राहिला का?"

मी हसले नाही. कारण आदल्याच दिवशी मी पाहिलं होतं. हे ऑफिसातून आले, हातपाय न धुता टेबलाशी बसले. हातात सोल्डरिंग आयर्न. पण त्याची पिन प्लगमध्ये नव्हतीच. आयर्न थंडगार.

हे दुरुस्ती करतच नव्हते.

नुसते ऐकत होते. डोळे मिटून...

तसा चेहरा मी माझ्यासाठी कधी पाहिला नव्हता. आमची लेक चिमी झाली तेव्हाही नाही.

त्या रविवारी कामठीचे रुपराव आले. फौजेत सिग्नलला होते, ह्यांचे जुने हॅम दोस्त. चहा घेता घेता म्हणाले, "वाजव गा तुहं मशीन. पाहू काय बिमारी हाय त्याले."

बोर्ड वाजलं.

रुपरावांचा कप ओठांपाशीच थांबला.

"मार्तंड... हे तं जया हाय गा."

ह्यांनी मान खाली घातली.

"कोण जया?" मी विचारलं.

"काही नाही वहिनी. कन्हानची एक हॅम होती."

"होती?"

"कावीळ झाली तिले. तुमच्या लग्नाच्या आधीच गेली बिच्चारी. रोज सांजच्याले याच्यासंगं बोलत राहे." त्यांनी कप खाली ठेवला. "अक्षर कसं माणसामाणसाचं येगळं असते? तसा मोर्समधी हात असते वहिनी. हा तिचाच हात हाय. पण मशीनले हात कुठून आला?"

रुपराव लवकर निघाले.

"मला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगणार होतो? कधी भेटलोसुद्धा नव्हतो आम्ही."

भेटले असते तर बरं झालं असतं असं वाटलं. जिचं नाक-डोळे माहीत आहेत तिच्याशी भांडता तरी येतं. ही तर नुसती टिकटिक.

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसला गेले. बाहेर उन्हाची लू चाललेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आतल्या खोलीत कूलर लावला, चिमीला पलीकडच्या भिंतीशी चटईवर निजवलं. नुकती रांगायला लागली होती, म्हणून मी तिथेच बसले.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

लांब, लांब, लांब...

मी उठून गेले. बोर्डाची वायर सकाळीच ह्यांनी गुंडाळून ठेवली होती. तशीच होती.

बोर्ड वाजत होतं.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चिप उपटून काढली. माझ्या तळहातावर ती चिप, बोर्डावर रिकामा सॉकेट...

आणि तरीही वाजत होतं. ह्यांचं कॉलसाइन. अठ्ठ्याऐंशी. पुन्हा पुन्हा. माझ्या घरात, माझ्यासमोर.

भीती नंतर वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला.

मी पितळेची की ओढली आणि इंग्रजी अक्षरांत ठोकलं... तो माझा आहे.

बझर गप्प झाला.

मग सावकाश एकेक अक्षर आलं...

बी.

ए.

बी.

वाय.

मी कशी धावले मला आठवत नाही. नवरा झाला, आता माझं लेकरू हवंय हिला!

चिमी चटईवर नव्हती.

ती कूलरपाशी होती. टाकीतून गळालेल्या पाण्यात बसलेली. एक हात पत्र्याकडे पुढे केलेला, पोचायला दोन बोटं उरलेली. मी तिला पायाला धरून मागे खेचलं.

संध्याकाळी ह्यांनी कूलरच्या पत्र्याला टेस्टर लावला.

टेस्टर पेटला. पत्र्यात करंट उतरला होता.

हे चिमीला छातीशी धरून कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, "तिने वाचवलं गं."

तिने! खेचलं मी, आणि वाचवलं तिने?

मला तर आजही उमगलेलं नाही, ते सावध करणं होतं की मागणं होतं.

रात्री ह्यांनी चिप परत बसवली. हाक, कॉलसाइन, आणि बोर्ड गप्प. ठोके सगळे सारखे, कोरडे.

"दुरुस्त झालं," हे म्हणाले. चेहरा मात्र एवढासा झालेला.

मला आनंद व्हायला हवा होता.

पण बोर्डातून गेली, ती गेली कुठे?

आता दिवाळी तोंडावर आली आहे. हे रेडिओ फारसा लावत नाहीत. कूलर भंगारात दिला. तरी मी चिमीला खोलीत एकटं ठेवत नाही. कधी दूध उतू जातं, कधी दार वाजतं, तेवढ्यापुरतं उठावंच लागतं. ती रडते. मी हातातलं टाकून धावते...

आणि मी उंबऱ्याशी पोचायच्या आधीच ती रडायची थांबलेली असते.

खोलीत कोणी नसतं. चिमी मान वर करून हसत असते... कडेवर घेणाऱ्या माणसाकडे पाहून लेकरं हसतात, तशी.