पाचव्या गाण्यातल्या बांगड्या

"जमनानं हळदीला हात लावायचा नाय! सांगून ठेवते!"

बायजीचा आवाज भरल्या मांडवात कडाडला, आणि हळदीची वाटी उचलायला पुढे झालेली जमना जागच्या जागी थिजली. दक्षाची सख्खी थोरली बहीण ती... नवरीच्या अंगाला पहिली हळद लावायचा मान तिचा! पण तीन वर्षं आई, बायजी, तिच्याशी धड बोलली नव्हती, तिथं मान कसला नि पान कसलं! वाटी मुकाट्यानं खाली ठेवून ती चुलीपाशी बटाटे चिरायला जाऊन बसली.

तेवढ्यात कासा गावाहून आलेला डीजेवाला नविन भिंतीएवढ्या स्पीकरांमागून ओरडला, "आता आपल्या दक्षाताईच्या पिक्चरची गाणी! एकापाठोपाठ एक, सगळीच्या सगळी!"

जमनाच्या हातातली सुरी थांबली. त्या प्रेमाच्या हिंदी पिक्चरची गाणी तिला क्रमानं पाठ होती. पहिलं दोघं भेटतात ते, दुसरं नाचाचं, तिसरं बागेतलं, चौथं रुसव्याचं... आणि पाचवं विरहाचं, ज्याच्या सुरुवातीला एका डोंगरातल्या बाईची उंच, आर्त तान येते. ती तान दक्षाची, हे उभ्या तालुक्याला ठाऊक होतं. गाण्याखाली नावही दक्षाचंच होतं.

आणि ती तान होती जमनाची.

केवढं हे ओझं एकट्या जिवानं वाहायचं! आजारी बापाची सेवा करायला जमना माहेरी आली होती, तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या स्टुडिओतून दक्षाला बोलावणं आलं. तिथल्यांनी तिला पाहिलं नव्हतं, मोबाइलवर धाडलेला आवाज तेवढा ऐकला होता. आणि नेमका त्याच दिवशी तापानं दक्षाचा घसा बसला. पोरगी रडून रडून बेजार! तेव्हा खाटेवरून बापच, हिरू, हळूच म्हणाला, "तू जा, बाय. तुमचा गळा एकच. पोरीचं नशीब उघडतंय, अडू नको देऊस. तुझ्या आयेला मात्र सांगू नको, तिला खोटं खपायचं नाय." जमना गेली, दक्षाचं नाव सांगून गायली, आणि परतली तेव्हा बापाची चिता विझत आली होती... "बाप मरत होता तेव्हा कुठं उंडारत होतीस?" आईनं सगळ्यांदेखत विचारलं. जमनानं धाकट्या बहिणीच्या डोळ्यांतली भीती पाहिली आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

दुसरं गाणं संपलं, तिसरं लागलं. पोरं बेभान नाचत होती, आणि जमना बोटांवर गाणी मोजत होती. दक्षानं घरून धाडलेला आवाजच पिक्चरमध्ये घेतलाय असं समजून, मोबाइलच्या बारक्या आवाजात आईनं ते पाचवं गाणं कितीदा तरी कौतुकानं ऐकलं होतं. पण त्या तानेखाली आणखी एक आवाज होता, जो मोबाइलवर कळत नसे. स्टुडिओत हेडफोन लावल्यावर जमनाला तो लख्ख ऐकू आला होता. गाताना मांडीवर हात आपटायची तिला लहानपणापासून खोड. दोनदा भरभर, मग जरा थांबून एकदा. गाणी शिकवताना आई वैतागून तिचा हात पदरानं बांधून ठेवायची! स्टुडिओतही तिच्या बांगड्या तशाच वाजल्या, आणि तिथला माणूस हसून म्हणाला होता, "रहने दो, अच्छा लगता है."

चौथं गाणं संपत आलं तशी ती धडपडत उठली.

"नविनदादा, पुढचं नको रे लावू... डोकं दुखतंय माझं!"

"अगं ताई, तेच तर मेन आहे!" म्हणत त्यानं आवाज आणखी वाढवला.

तान उठली. मांडव शहारला. आणि तानेखालून... छन छन... छन.

दक्षाला हळद लावणारा बायजीचा हात हवेतच राहिला.

"थांबव! परत लाव. पहिल्यापासून."

छन छन... छन.

"दक्षे," बायजी नवरीकडे वळली, "तू तर घड्याळ घालायचीस. तुझ्या हातात बांगड्या कधी होत्या गं?"

"आये, म्युझिकवाल्यांनी घातलं असेल काहीतरी," जमना धावत आली. "आज शुभ दिवस आहे, राहू दे ना..." अजूनही बाई बहिणीलाच झाकत होती!

पण दक्षा पाटावरून उठली. तिनं नविनच्या हातातला माइक ओढून घेतला.

"हे माझ्या बहिणीनं गायलंय!" ती हुंदका देत म्हणाली. "माझ्या होणाऱ्या नवऱ्याला, मिथुनला, काल मी सगळं सांगितलं, तो म्हणाला, आधी आईला सांग. पण तोंडच उघडत नव्हतं... बानं तिला धाडलं होतं, आये, माझ्यासाठी! आणि तिला बोल लागताना मी नुसती बघत राहिले!"

बायजी जमनाकडे वळली.

"तो गेला तेव्हा... तू हे गात होतीस?"

जमनानं होकाराची मान हलवली.

"आणि मी तुला उंडारतेस म्हटलं! जळो माझी जीभ! अगं, बोलली का नाहीस?"

"तू आम्हा दोघींना टाकलं असतंस, आये... म्हटलं, एकीला तरी आई राहू दे."

बायजीनं हळदीच्या हातांनी लेकीचा चेहरा धरला, आणि दोघी ढसाढसा रडल्या. मग तिनंच हळदीची वाटी जमनापुढे सरकवली. "लाव तिला. आणि गा. तो डबा बंद करा रे मेल्यांनो!"

दक्षाच्या गालांना हळद लावून जमना गाऊ लागली. जुन्या धाकानं तिनं आपला उजवा हात डाव्या हातात गच्च दाबून धरला होता. बायजीनं तो सोडवला आणि मांडीवर ठेवला.

"आपट, बाय," ती म्हणाली. "कोण गातंय ते तुझ्या बालाही कळू दे."