काचेच्या राक्षसाची तिरकी चाल

"आधी सांग, पळताना मार बसेल का?" धाकट्याने विचारलं.

"शत्रूच्या शेजारच्या घरातून पळालास तर एक फटका फुकट! चपळाई पाचच्या वर असेल तरच सुटशील," ताई म्हणाली. खेळाचे सगळे नियम तिने रचले होते, म्हणून पोरं तिला नियमबाई म्हणत.

सुट्टीत ती, धाकटा भाऊ आणि चुलतभाऊ बडबड्या असे तिघं काकांच्या छापखान्यावरच्या माळ्यावर पट मांडत. खोडरबरांचे वीर नि चोर, आणि शाईच्या बाटलीचं काचेचं बूच म्हणजे राक्षस! अंगावर जड चिलखत, म्हणून त्याला एका पाळीत दोनच घरं, तीही सरळ.

जेवायला जाताना नियमबाईने प्रत्येकाची जागा वहीत लिहिली आणि दाराला कुलूप घातलं. परत येऊन बघतात तर राक्षस तीन घरं पुढे, तेही तिरका!

"कुणी हलवला?"

"किल्ली तर तुझ्याच खिशात होती!" बडबड्या कुजबुजला.

दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. तिसऱ्या दिवशी तिघं हात पाठीमागे बांधून पटाभोवती बसली. खाली कागद कापायचं नवं यंत्र सुरू झालं. ढप्... ढप्... आणि कुणीही हात न लावता राक्षस केसभर पुढे सरकला!

धाकट्याच्या तोंडचं पाणी पळालं. नियमबाईला मात्र भीतीपेक्षा राग जास्त आला. "सहा घरं पळणारा चपळ चोर जागचा हलत नाही, आणि हा जाड्या तिरका चालतो? हे कुठल्या नियमात बसतं?"

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. रबर धरून बसतं, काच घसरते! तिने जमिनीवर पेन्सिल ठेवली. पेन्सिल गडगडत राक्षसाच्याच वाटेने माळ्याच्या मध्यावर गेली. बरोबर त्याच्याच खाली ते नवं यंत्र होतं. ते मावत नव्हतं म्हणून काकांनी मधला खांबच काढून टाकला होता. म्हणजे माळाच खचत चालला होता!

"बाबा खालीच आहेत!" बडबड्या किंचाळला.

तिघं धडाधड जिना उतरली. पण काका ऐकतात कसले! "खेळून खेळून डोकी फिरलीत तुमची. पळा!"

नियमबाईने डोळ्याने खुणावलं. बडबड्या दारातून ओरडला, "बाबा, आपल्या कागदाचा टेम्पो उलटला!"

काका आणि दोन्ही कामगार धावत सुटले. धाकट्याने मेन स्विच खाली ओढला आणि पोरंही बाहेर पळाली.

रस्ता मोकळा होता. "थापाड्या!" काकांनी हात उगारला, तेवढ्यात आत कडाड्कन तुळई मोडली आणि अर्धा माळा यंत्रावर कोसळला.

संध्याकाळी मोडतोड बघायला आलेल्या सुताराने वही पुन्हा पुन्हा चाळली. "रोज किती सरकलं, सगळं लिहिलंय! मालक, तुमच्यापेक्षा ही पोर हुशार. नाहीतर आज मला ढिगाऱ्यातून माणसं उपसावी लागली असती."

काकांनी बडबड्याला पोटाशी घट्ट धरलं होतं, आणि एवढा बोलका पोरगा, पण त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.