गाडी पूर्ण आली

प्रीतम, तो मोबाईल उपडा ठेव. आणि मेघाली, सारखी दाराकडं बघू नको, दार मीच लावलंय. भुताची गोष्ट पायजे ना तुमाला? पांढऱ्या साडीतली बाई माझ्याकडं नाय. माझ्याकडं हाय ती आपल्या ललितची, नरहरी मास्तरच्या पोराची. आणि ललितनं ती मला स्वतःच्या तोंडानं सांगितली, इथं, याच ओट्यावर बसून.

काम तसं दोन तासांचं होतं. एक टेबल मोडायचं, बस्स. बोईसरचं घर सोडून ललित पालघरला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चालला होता. सामान संध्याकाळीच टेम्पोनं गेलं, त्याची आई मंगलावहिनीही गेली. माळ्यावरचं टेबल तेवढं राहिलं होतं, आणि टेम्पो सकाळी सहाला परत यायचा होता. तारीखही सांगतो. दोन हजार चोवीसची दत्तजयंती, शनिवार, चौदा डिसेंबर. रात्री दहाला ललित स्क्रूड्रायव्हर घेऊन माळ्यावर चढला.

आता टेबल म्हणजे काय, ते ऐका. नरहरी स्टेशनमास्तर, मी फाटकवाला. ड्यूटीवर तो 'मास्तर', घरी नुसता 'नरहरी', कारण शाळेत एका बाकावर होतो आमी. रिटायर झाल्यावर त्यानं आठ फुटी प्लायवूडवर आगगाडी मांडली. एका टोकाला आपली उमरोळी, दुसऱ्या टोकाला बोईसर, मधे वाड्या. झाडं केली होती भांडी घासायच्या हिरव्या घासणीची! इंजिन पत्रा कापून स्वतः बनवलेलं, आत जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. मागं चार डबे, शेवटच्या डब्याला ज्वारीच्या दाण्याएवढा लाल दिवा. आणि मधोमध बोगदा. मी म्हटलं, "अरे शहाण्या, उमरोळी-बोईसरच्या मधे बोगदा कुठं हाय?" तर म्हणतो, "नाय ना, म्हणून तर केला."

त्या खेळण्याचंही रजिस्टर ठेवायचा तो. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता पोचली, उशीर झाला तर कारण काय. शेवटच्या डब्याचा लाल दिवा डोळ्यांनी बघितल्याशिवाय 'गाडी पूर्ण आली' असं लिहायचा नाय. आणि ते लिहून होईपर्यंत रुळाला कुणी हात लावायचा नाय. खऱ्या लाईनवरचा नियमच हाय तो. मधेच डबे तुटून मागं राहिले असले आणि कुणी रूळ उघडले, तर काय होईल सांगा!

चौतीस वर्षांच्या नोकरीत नरहरीच्या हातून एकच खोटी नोंद झाली, आणि ती माझ्यापायी. एका पहाटे मला डुलकी लागली. फाटक उघडंच राहिलं, पॅसेंजर अकरा मिनिटं बाहेर खोळंबली. नरहरीनं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'माझी चूक.' साहेबाच्या शिव्या त्यानं खाल्ल्या. मला एवढंच म्हणाला, "बळवंत, जा, तोंड धुऊन ये." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. असो.

आदल्या वर्षीची गोष्ट, बावीस जून. रात्री सव्वानऊला लाईट गेली आणि नरहरीची गाडी बोगद्यातच अडकली. "राहू दे, सकाळी आणू," म्हणत तो जेवायला खाली उतरला. ललित खिडकी लावायला वर गेला. बाप कुणाला त्या इंजिनाला हात लावू देत नसे, म्हणून याला काय सुरसुरी आली देव जाणे. बोगद्यात हात घातला, इंजिन सोडवून बाहेर काढलं... हातातून सटकलं. अंधारात मागं सरकला तो नेमका त्याच्यावरच पाय पडला.

चाळीस वर्षांचा बाप्या रे! 'बाबा, माझ्याकडून मोडलं,' एवढं म्हणायला काय जात होतं? नरहरीनं आयुष्यात कधी पोरावर हात उगारला नव्हता. पण भ्याला. तुकडे वर्तमानपत्रात बांधले आणि दुसऱ्या दिवशी चिंचणीला जाऊन समुद्रात टाकून आला. आणि नरहरीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "तुम्हीच कुठेतरी ठेवलं असेल, बाबा. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

नरहरीनं ते खरं मानलं!

घर पालथं घातलं त्यानं. पिठाचा डबासुद्धा उपसला. मग माझ्याकडं आला. इथंच बसला. "बळवंत, मी कुठं ठेवलं असेन रे?" आणि मी काय म्हटलं? "आज इंजिन हरवलंस, उद्या बायकोला बाजारात विसरून येशील." आणि खदाखदा हसलो. तो नाय हसला. त्या दिवसापासून किल्ल्या वहिनीकडं दिल्या, एकटा बाहेर पडायचा बंद झाला. दोन-दोनदा विचारायचा, "मी जेवलो का गं?" माणूस ठणठणीत होता, पण स्वतःवरचा भरवसाच उडाला त्याचा. आठ महिन्यांत गेला. आणि ललित सगळं बघत होता. रोज म्हणायचा, आज सांगतो. रोज दुसरंच काय तरी बोलून उठायचा.

तर, त्या रात्री.

ललितनं आधी वायर उपटली. डबे खोक्यात भरून खोकं चिकटपट्टीनं बंद केलं. उमरोळीकडचे रूळ काढून गोणीत टाकले. लवकर उरकायचं आणि सगळं विसरायचं, एवढंच डोक्यात. साडेअकराला तो बोगद्यापाशी आला, पलीकडच्या पहिल्या स्क्रूला हात लावला.

टर्रर्र...

त्याला वाटलं, बाहेरून मालगाडी चाललीय. हात थांबवला. आवाज थांबला.

पुन्हा स्क्रूला हात. टर्रर्र...

टेपरेकॉर्डरची मोटर. बोगद्याच्या आत.

मोबाईलचा उजेड टाकून त्यानं आत बघितलं. काय नाय. चार फूट रिकामे रूळ आणि कोळिष्टकं. मान वर केली तर भिंतीवर रजिस्टर, खिळ्याला सुतळीनं टांगलेलं. ते बांधायचं राहूनच गेलं होतं. शेवटचं पान उघडलं. बावीस जून. उमरोळी सुटली, नऊ चौदा. बोईसर पोचली... कोरं. कारण... कोरं.

दीड वर्ष गाडी लाईनीत अडकलेली, आणि हा रूळ उखडत होता.

आता तरी शहाणं व्हावं की नाय माणसानं? तर याला सुचलं काय, की आपणच 'पोचली' लिहावं आणि मोकळं व्हावं. खिशातलं बॉलपेन काढलं. टोक कागदाला टेकणार...

मागं खुर्ची करकरली.

नरहरीची वेताची खुर्ची. बसताना करकरायची तशीच, एकदा.

खुर्ची संध्याकाळीच टेम्पोतून गेली होती.

ललितला मागं वळवेना. पेन गळून पडलं. तास उलटला, दीड तास उलटला. कुणी ओरडलं नाय. नुसतं कुणीतरी वाट बघत बसलं होतं...

"बाबा..." मान खाली घालून, भिंतीला सांगितल्यासारखं बोलला तो. "बाबा, तुम्ही नाही हरवलं. माझ्या पायाखाली मोडलं. मी फेकून आलो. तुमचं डोकं शाबूत होतं, बाबा. मला माहीत होतं... रोज माहीत होतं."

मग टर्रर्र सुरू झालं. बोगद्यातून निघालं. हळूहळू त्याच्या कोपरापासून गेलं. डबे खोक्यात बंद, वायर उपटलेली. तरी चाकांचा खडखड आवाज, एक... दोन... तीन... चार डब्यांचा. आणि मागं अंधारात एक लाल ठिपका. ज्वारीएवढा.

बोईसरला जाऊन थांबला.

विझला.

पोरगा तिथंच खाली बसला. सहाला टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला तेव्हा त्याच्या अंगात जीव आला.

सातला तो माझ्या दारात. स्कूटर स्टँडवर लावायचंही भान नव्हतं. सगळं सांगितलं, मान वर न करता. मग रजिस्टर पुढं केलं. "काका, हे अक्षर कुणाचं, ते तेवढं सांगा."

अक्षर मला विचारायची गरज नव्हती. नरहरी सात आकड्याला मधे आडवी रेघ मारायचा, अख्ख्या सेक्शनात तसं दुसरं कुणी लिहीत नव्हतं. बोईसर पोचली, एक सत्तावीस. गाडी पूर्ण आली. शाईपेननं लिहिलेलं. ते शाईपेन तिरडीवर त्याच्या खिशात मीच खोवलं होतं, माझ्या या हातानं.

"अक्षर त्याचंच," मी म्हटलं. "अरे, मग रडतोस कशाला? आली ना गाडी? सुटला ना तो?"

ललितनं रजिस्टर पुन्हा पुढं सरकवलं. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं त्यानं. उशिराचं कारण.

मी चष्मा पुसला. वाचलं. पोराचं तोंड बघवेना, आणि माझं त्याला दाखववेना. मंगलावहिनीला त्यानं त्याच दिवशी पालघरला जाऊन पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं, पण ते रजिस्टर घरात ठेवायची त्याची छाती झाली नाय. माझ्याकडंच हाय ते, आतल्या ट्रंकेत. बघायचं तर बघा उद्या उजेडी.

सगळं कबूल केलं होतं ना रे पोरानं? नरहरीनं ऐकलंही असणार, ऐकल्याशिवाय का गाडी हलली? तरी कारणाच्या रकान्यात दोनच शब्द होते. पहिल्यांदा माझ्यासाठी लिहिलेले, तेच.

'माझी चूक.'