स्पर्शरेघ

डॉक्टर इरा मगदूम यांच्या मिरजेतल्या दवाखान्यात "कुठं दुखतंय?" असं आता कुणी विचारत नसे. विचारलंच, तर ते माणुसकी म्हणून. उत्तर पडद्यावर दिसे.

हे कसं घडलं, ते समजायला फारसं अवघड नाही. नस म्हणजे बारीक तंतूंची जुडी. जुन्या सोनोग्राफीतही ती दिसायची. तिचा आडवा छेद मधाच्या पोळ्यासारखा असायचा आणि ती कुठं चेपली गेली असेल, तर तिथं फुगवटा यायचा. पण त्या पोळ्यात मध आहे की नाही, म्हणजे नसेतून काही वाहतंय की नाही, हे त्या चित्रावरून कळत नसे. पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं, की संदेश जाताना नस किंचित फुगते आणि लगेच मिटते. हे फुगणं इतकं सूक्ष्म, की त्याला फुगणं म्हणावं की नाही असा संकोच वाटावा. तेवढी हालचालही टिपणारी सोनोग्राफी निघाली. पडद्यावर ती हालचाल पिवळ्या रेघेसारखी पळताना दिसे. लोक तिला स्पर्शरेघ म्हणू लागले. तळव्याला हात लावला, की गुडघ्यामागच्या नसेत रेघ उमटायची. नाही उमटली, तर स्पर्श वाटेतच हरवला असं समजायचं.

तासगावहून शिरगुप्पे पतीपत्नी आली, ती हेमंतरावांच्या उजव्या पायावरचा फोड दाखवायला. फोड भाजल्याचा होता आणि चिघळू लागला होता.

"गरम पाण्यात पाय घातला होता?" डॉक्टरांनी विचारलं.

"कोमट," रोहिणीबाई म्हणाल्या. "रोजच शेकते. मी स्वतः बोटं बुडवून बघितलं."

"आणि मलाही कोमटच लागलं," हेमंतराव म्हणाले. "साक्षीदार दोन आहेत डॉक्टर. पाण्यावर आरोप ठेवता येणार नाही."

"यांचं असंच. घर जळलं तरी म्हणतील, ऊब आली जरा."

तेवढ्यात चहा आला. स्टीलच्या पेल्यात, उकळता. हेमंतरावांनी पेल्याला रुमाल गुंडाळला. डॉक्टरांनी आपला पेला चटकन टेबलावर ठेवला. रोहिणीबाई मात्र पेला बोटांत धरून निवांत बसल्या होत्या. डॉक्टरांनी ते पाहिलं.

"रोहिणी, गाडीत माझी औषधांची पिशवी राहिली बघ," हेमंतराव म्हणाले.

"आता आठवली का? बरं, आणते," म्हणत त्या गेल्या.

दार लागताच हेमंतराव पुढं झुकले. "तुमचं ते यंत्र लावायच्या आधी एक सांगतो. त्यात काही दिसणार नाही."

यंत्राची पट्टी त्यांच्या गुडघ्यामागं लावून डॉक्टरांनी तळव्यावर बोट फिरवलं. पडदा काळाच राहिला. घोट्याला हात लावला, तरी काळा. पोटरीच्या मध्यावर आल्यावर कुठं रेघ चमकली.

"कधीपासून, काका?"

"झाली पाच-सहा वर्षं. साखरेनं खाल्लं." ते पायाकडे बघत राहिले. "मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला होतो. घरी आलो की पाय बर्फ झालेले असायचे. ही तेल लावून चोळायची, बोलत बोलत. दिवसभराचं सगळं तेव्हाच. मी रिटायर झालो, पण ते चोळणं सुटलं नाही. मला काही कळत नाही असं सांगितलं, तर ती कशाला बसेल माझ्या पायाशी? म्हणून रोज म्हणतो, बरं वाटतंय. मधूनच म्हणतो, इथं जरा दाब. तुम्ही फोड चपलेचा म्हणून सांगा."

"आणि पुन्हा पाय भाजला तर? काका, अशानं पाय कापावा लागतो. घरी कळलंच पाहिजे."

रोहिणीबाई पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. किती ऐकलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

"इथं जरा दाब!" त्या म्हणाल्या. "खोटारडे!" आणि पिशवी त्यांच्या हातातून निसटून खाली पडली.

"काकू, इकडं या," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचाही हात बघू."

"मला काय धाड भरलीय?"

पण त्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी पट्टी त्यांच्या दंडावर लावली आणि हेमंतरावांना सांगितलं, "त्यांची पहिली तीन बोटं धरा."

हेमंतरावांनी बोटं धरली. आधी हळू, मग घट्ट. पडदा काळाच राहिला. करंगळीला हात लागला, तेव्हा रेघ लखकन उमटून गेली.

"ब्लाउज शिवून शिवून झालंय," रोहिणीबाई पुटपुटल्या. "सांगितलं असतं, तर तुम्ही मशीन विकून स्वयंपाकाला बाई ठेवली असती."

"पण तू तर रोज सांगायचीस, आज पाय गार आहेत, आज ऊन आहेत!"

"थंडी असली की गार म्हणायचे."

हेमंतराव एकदम हसत सुटले. "म्हणजे डॉक्टर, इतकी वर्षं आमच्या घरी नक्की कोण कुणाचं काय चोळत होतं?"

डॉक्टरही हसल्या. नंतर त्यांनी दोघांना नीट समजावलं. रोहिणीबाईंची नस मनगटातल्या एका पट्ट्याखाली चेपली होती. तो पट्टा मोकळा केला, तर बोटांतलं बरंचसं परत येईल. हेमंतरावांचं जे गेलं, ते परत येणार नव्हतं. निदान आणखी जाऊ नये, एवढंच बघायचं. घरी लावायला एक पट्टी आणि छोटा पडदा मिळाला. "आणि पाणी कोपरानं बघा, काकू. बाळाच्या अंघोळीला बघतात तसं."

"या वयात बाळ झालं म्हणायचं," रोहिणीबाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, बोटं हळूहळू जागी झाली. हेमंतरावांच्या गुडघ्यामागं पट्टी लावून पुन्हा तेलाची वाटी घेऊन त्या पायाशी बसल्या, त्या संध्याकाळी बराच वेळ नुसती बोटं फिरवत राहिल्या. पाय त्यांना वाटले होते तसे राहिले नव्हते. कातडी कागदासारखी झाली होती, तळव्यातलं मांस ओसरलं होतं.

"बरं वाटतंय," हेमंतराव सवयीनं म्हणाले.

रोहिणीबाईंनी पडद्याकडे पाहिलं. काळा. त्यांनी हात वर वर नेला. पोटरीच्या मध्यावर रेघ उमटली, तेव्हा त्या थांबल्या आणि तिथं चोळू लागल्या. हेमंतराव 'इथं जरा दाब' म्हणणार होते, पण सांगायचं काही राहिलं नव्हतं.

पुढं रोज तसंच होऊ लागलं. पडद्यावर नजर ठेवून चोळताना गोष्टी सांगायचं हळूहळू कमी झालं.

एकदा हेमंतरावांना बारीक ताप आला. रोहिणीबाई उशाशी बसून त्यांच्या कपाळावरून हात फिरवत होत्या. बोटं थंड होती. हेमंतरावांनी डोळे मिटले.

"बरं वाटतंय," ते म्हणाले. या वेळी ते अगदी खरं होतं.

उत्तर आलं नाही, म्हणून त्यांनी डोळे उघडले. रोहिणीबाईंचा हात कपाळावरच होता, पण त्या मान वळवून पायथ्याच्या पडद्याकडे बघत होत्या. पडदा काळा होता.

हेमंतराव उठून बसले. गुडघ्यामागं तशीच राहिलेली पट्टी त्यांनी सोडवली आणि ती कपाळाजवळ कुठं चिकटते का, ते चाचपत राहिले.