प्रार्थनेच्या खोलीतले तीन ट्रे

मांडणीवर सत्तावीस ट्रे होते. हवे होते तीस. डावीकडे बिनप्रार्थनेच्या खोलीचे पंधरा, उजवीकडे प्रार्थनेच्या खोलीचे बारा. प्रत्येकात एकेका दिवसाच्या शंभर अगरबत्त्या. उजवीकडचे शेवटचे तीन नव्हते: सोमवार, मंगळवार, बुधवार.

सहनानं पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"अय्यो, शनिवारी नजरबादला समितीपुढे उभं राहायचंय," पावनी उंबऱ्यावरच बसली. "ट्रे कमी म्हटल्यावर शिष्यवृत्ती गेलीच."

पावनीची पीएचडी व्यवस्थापनातल्या अध्यात्मावर होती. कामाआधी प्रार्थना केली तर मालाचं नुकसान घटतं का, हे ती अग्रहारातल्या या कारखान्यात तपासत होती. शिष्यवृत्ती आणि खर्च नजरबादची एक संस्था देत होती. प्रयोगाची आखणी मात्र तिच्या मावसबहिणीची, नुकत्याच एमएस्सी झालेल्या सहनाची. दोन्ही खोल्यांत तोच मसाला, तेवढ्याच बायका, तेवढ्याच खिडक्या, एकेक पंखा. फरक फक्त प्रार्थनेचा. बिनप्रार्थनेच्या खोलीत शंभरातल्या वीसेक काड्या वाळताना तडकत. प्रार्थनेच्या खोलीत चारेक.

"इथली किल्ली कुणाकुणाकडे?" सहनानं विचारलं.

"माझ्याकडे, शंभूरावांकडे, इंदिराबाईंकडे."

मालक शंभूराव उखडलेच. "मी चोरीन? खोक्यांवर 'प्रार्थनापूर्वक वळलेली' असं छापायला टाकलंय मी!"

"म्हणूनच विचारते, मामा. ते तीन ट्रे वाईट निघाले असते तर?"

"का निघतील? प्रार्थना एक दिवस चुकली नाही. हे बघ, रोज ग्रुपवर फोटो टाकतो."

सहनानं मंगळवारचा फोटो मोठा केला. बायका हात जोडून उभ्या. पुढे मुकादमीण इंदिराबाई, अंबाडा रिकामा. समईत ज्योत नव्हती. मागच्या बाईचा पदर उडत होता. सोमवार-बुधवारच्या फोटोंतही तेच.

मग तिनं मागच्या आठवड्यातला काढला. ज्योत सरळ, अंबाड्यात गजरा. पदर जागच्या जागी.

ती प्रार्थनेच्या खोलीत गेली. आज समई पेटलेली होती. उभ्या उभ्या तिला घाम फुटला.

"इंदिराबाई, पंखा बंद का?"

"दिवा विझतो ना, पुट्टी," बाई लेकीला म्हणावं तसं म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत राखायचा असतो."

"मंगळवारी लावलाच नव्हता."

"वात भिजली होती."

"तीनही दिवस?"

बाईंचा हात अंबाड्यातल्या ताज्या गजऱ्याकडे गेला आणि तिथंच थांबला.

"घरात कोण गेलं, बाई?" सहनानं हळूच विचारलं.

इंदिराबाईंनी कोपऱ्यातल्या आपल्या पेटीचं कुलूप काढलं.

अर्ध्या तासानं सगळे मांडणीपाशी जमले. बाईंच्या पत्र्याच्या पेटीतून, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले तिन्ही ट्रे बाहेर आले होते.

"बाईंच्या यजमानांचे लांबचे भाऊबंद सरगूरला वारले," सहना म्हणाली. "तीन दिवसांचं सुतक. पण खंड पडू द्यायचा नाही, प्रार्थना रोज तुम्हीच सांगायची, असं पावनीअक्कानं बजावलेलं. म्हणून बाईंनी सुतक लपवलं. प्रार्थना सांगितली, पण समईला हात लावायचा धीर झाला नाही. गजराही माळला नाही. आणि त्याच तीन दिवसांच्या काड्या तडकल्या."

"माझंच पाप," इंदिराबाई म्हणाल्या. "सुतकात देवापुढे उभी राहिले. या मुलीचं शिक्षण बुडेल म्हणून ट्रे लपवले. देवाच्या नावानं वळलेली काडी, फेकवेना."

"पाप नाही, वारा," सहना म्हणाली. "दिवा नाही म्हणून कुणी पंखा बंद केला नाही. फोटोतला पदर त्यानंच उडतोय. ओला मसाला वाऱ्यावर झरझर वाळला की तडकतो. दुसऱ्या खोलीत रोज तेच होतं." ती थांबली. "दोन्हीकडे पंखा आहे, एवढंच मी पाहिलं. फिरतो का, ते पाहिलं नाही. चूक माझी, बाई. तुम्ही तीन दिवस ती उरावर वाहिलीत."

शंभूरावांनी फोन काढला आणि छापखान्याचा नंबर शोधत बाहेर गेले.

पावनी खालच्या आवाजात म्हणाली, "हे ट्रे हरवलेच असते तर... कुणाला काही कळलं नसतं, ना?"

सहना ट्रेवरून नजर उचलेना. इंदिराबाई मात्र पावनीकडेच बघत होत्या. पावनीला ते सोसलं नाही. मान खाली घालून ती उठली, बिनप्रार्थनेच्या खोलीत गेली आणि भिंतीवरचं पंख्याचं बटण बंद केलं. पंखा कुरकुरत थांबला. आजच्या काड्या अजून वाळत घालायच्या होत्या.

"आज इथं प्रार्थना नाही, दिवाही नाही," ती म्हणाली. "आणि पंखाही नाही. शनिवारी इथला आजचा ट्रे आणि हे तीन, चारही घेऊन जाते."

संध्याकाळी दोघींनी आळीपाळीनं मोजलं, मग इंदिराबाईंकडून मोजून घेतलं.

शंभरातल्या चार काड्या तडकल्या होत्या.