कानावर बसलेलं फुलपाखरू

ही गोष्ट तुम्हांला खरी वाटायची नाही, आणि वाटली तर दोष तुमचा. आमच्या डोंगरावर उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, तरी गारठा असा की फुलपाखरं उडता उडता गोठून गारांसारखी टपटप पडतात. तसलंच एक तांबूस, ठिपक्यांचं फुलपाखरू एल्लेनं ओंजळीत धरलं होतं आणि ती त्याला तोंडाची ऊब देत होती.

"मेलंय ते," कुंपणापलीकडून परक्या टोळीतला योव्ना म्हणाला.

"मेलं नाही, गारठलंय."

"मग मीही गारठलोय की... सकाळपासून."

"तुला फुंकर नाही, फास मिळेल." तिनं खांद्यावरचा दोर खरोखरच सरसावला. पण गाल तापायचे ते तापलेच.

रेनडिअरच्या पाडसांच्या कानांवर खुणा कापायचे दिवस होते ते. घरात प्रत्येकाची खूण निराळी. पोरानं आपल्या पाडसाच्या कानावर एखादीची खूण कापली, की ती मागणीच. पाडसही तिचं आणि पोरगाही तिचा. योव्नानं हळूच एल्लेची खूण विचारली. डाव्या कानाला दोन खाचा, तिनं सांगितलं, आणि विसरलास तर बघ, असंही बजावलं.

सगळ्यांदेखत त्यानं पांढरं पाडस धरलं. पहिली खाच मारली. दुसरीसाठी सुरी टेकवणार — तोच एल्लेच्या ओंजळीतलं फुलपाखरू उडून नेमकं तिथं बसलं. त्याला कसं कापायचं, म्हणून तो थबकला... आणि पाडस हातातून निसटलं.

एक खाच म्हणजे एल्लेच्या थोरल्या बहिणीची, बिग्गाची खूण. कापलेला कान पुन्हा कापणं म्हणजे आमच्यात चोरी.

तिशी उलटली तरी बिग्गाला कुणी विचारलं नव्हतं. ती धावत गेली आणि पाडसाच्या गळ्यात पडून रडू लागली. एल्लेनं बोलायला तोंड उघडलं. योव्ना तिच्याकडेच बघत होता — तू बोल, मी हो म्हणतो. पण ताईचे हलणारे खांदे तिला दिसले, आणि तिनं तोंड मिटलं.

पण फुलपाखरू कसलं गप्प बसतंय? ते गेलं थेट बिग्गाच्या कानाशी आणि सगळं सांगून मोकळं झालं. बिग्गा खळखळून हसली, एल्लेचा हात योव्नाच्या हातात दिला, आणि मग—

"खोटं," शेकोटीपलीकडून बिग्गाची नात म्हणाली. "आजीच्या नि तुझ्या लग्नातला कमरपट्टा एल्लेआजीनंच विणला होता, योव्नाआज्या. रात्रंदिवस बसून."