पुसलेलं दार

एका घरी एक सासू होती, एक सून होती आणि दोघींच्या पायांत सदा लुडबुडणारी एक चिमुरडी होती. सून कपडे शिवायची, आणि फावल्या वेळी फोनवर शिवणाऱ्यांच्या एका चॅनलची राखण करायची. तिथे सगळे तिला बॉबिनवहिनी म्हणत. ते चॅनल ज्या जाळ्यावर चालायचं, त्याला कुणी एक मालक नव्हता. ज्याचं त्याचं यंत्र ज्याच्या त्याच्या घरी. इथलं पुसलं तरी दुसऱ्याकडे नक्कल उरायची.

फालतू जाहिराती वहिनी न वाचताच पुसायची, दोऱ्याचं टोक कापावं तशी.

एका दुपारी अशीच एक आली. ‘खिडकी विकणे आहे. एका काचेला तडा.’ पुसली. खोलीत अंधारलं, तिला वाटलं, आभाळ आलं असेल. लगेच दुसरी. ‘दार विकणे आहे. हिरवं, कडीपाशी ओरखडा.’ आधी बोट फिरलं, मग डोळे.

वळून बघते तो खोलीला दार नाही, खिडकीही नाही. सरळ भिंत. ओल्या चुन्याचा वास. हात लावला, तर नुकती लिंपल्यासारखी गार.

“अगं, कुठे दडलीस?” पलीकडून सासूबाई. “तुझी लेक माझं डोकं खातेय!”

“आई, मी इथेच... दार सापडत नाही...”

“दार सापडत नाही? उद्या डोकं हरवशील!”

फोन थरथरला. ‘मुलगी देणे आहे. नुकती बोलायला लागलेली. डाव्या कानामागे तीळ.’

सवयीने निघालेलं बोट वहिनीने दुसऱ्या हाताने गच्च धरलं. तीळ तिच्याच लेकीचा होता.

चॅनलवर ओरडा सुरू झाला. “वहिनी, झोपलात का? काढा ती घाण!”

दुसरे राखणदार काजबटणकाका. त्यांनी लिहिलं, “थांबा, मीच पुसतो.”

“काका, हात लावू नका! माझ्या लेकीची शपथ आहे तुम्हाला... दार-खिडकीचं मी पुसलेलं तुमच्याकडे आहे का अजून?”

भिंतीपलीकडची बोबडी बडबड मध्येच थांबली.

“आहे,” काकांनी लिहिलं. “परत धाडतो.”

डोळ्यांवर उजेड आला. समोर हिरवं दार. वहिनी धडपडत बाहेर आली. लेक आजीच्या मांडीवर गाढ झोपली होती, श्वास चालू होता. वहिनीने लेकीला उचललं ते दिवेलागणीपर्यंत खाली ठेवलं नाही.

पुढे लेक मोठी झाली, आईच्या जोडीने तिने दुकान थाटलं, आजीने नातजावई पाहिला. घर हसतंखेळतं झालं. मुलीची ती जाहिरात मात्र चॅनलवर अजून आहे; कुणी पुसत नाही.

आणि त्या दिवशी परत आलेल्या दाराच्या आतल्या बाजूच्या खुंटीवर एका लहान मुलाचा कोट टांगलेला आला, ओलाचिंब. कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. तो अजून वाळलेला नाही.